डबल बेल

उचगावात जाऊन दीक्षा माणगावकरांचं घर कुठलं असं नुसतं विचारलंत, तर चार माणसं डोकं खाजवत उभी राहतील. पण "एस.टी.तल्या कंडक्टरबाई" म्हणालात की लगेच बोट दाखवतील. एखादा आगाऊ वर सांगेल, "व्हय की, त्या डबल बेलवाल्या!" का म्हणतात विचारलंत तर त्याला धड सांगता यायचं नाही. लोकांचं हे असंच. नाव ठेवायला पुढं, कारण विचारलं की मागं.

दीक्षा मूळची कुरुंदवाडची. बारावी झाली, टायपिंगची परीक्षा झाली, आणि शहाण्णव साली बुद्धभूषणशी लग्न होऊन ती उचगावात आली. बुद्धभूषण उद्यमनगरातल्या एका कारखान्यात लेथवर कामाला. माणूस सोन्यासारखा, पण इतका कमी बोलणारा की लग्नात निम्म्या पाहुण्यांना वाटलं, नवरदेवाचा घसा बसलाय. त्या घरातलं बोलायचं सगळं खातं सासूबाईंकडं, म्हणजे शेवंताबाईंकडं होतं. एस.टी.नं बायकांना कंडक्टर म्हणून घ्यायचं ठरवलं तेव्हा पेपरचं कात्रण त्यांनीच आणून सुनेच्या पुढ्यात टाकलं. "मला वाचता येत न्हाय, पर दुकानदार म्हणाला बायकास्नी घ्याय लागल्यात. भर फारम."

आणि दीक्षा लागली की हो! त्यांच्या गल्लीत खाकी घालणारी पहिली बाई. शेवंताबाई त्या खाकीची घडी स्वतः घालायच्या, लेकालाही हात लावू द्यायच्या नाहीत. सकाळी दीक्षा खांद्याला चामडी बॅग लावून निघाली की या दारात उभ्या, आणि कुणी विचारो न विचारो, सांगणार, "गारगोटीची गाडी हाय आज."

गारगोटीच्या गाडीवर ड्रायव्हर असायचे हंबीरराव. मिशीवाले, मोठ्या आवाजाचे, साधं "पाणी द्या" म्हणाले तरी भांडण लागलंय असं वाटावं. पहिल्याच दिवशी त्यांनी दीक्षाला बजावलं, "बाई, गाडी मी चालवतो, पर गाडी तुमची हाय. एक बेल दिली की मी थांबणार, डबल दिली की निघणार. मधल्या मधी कोण काय बोंबललं तर मी ऐकत न्हाय." तेव्हाच्या गाड्यांत छताला दोरी असायची. ओढली की ड्रायव्हरच्या कानाशी घंटी वाजायची. कधी एखादा पावणा, म्हणजे पॅसेंजर, टवाळकीनं मागच्या मागं दोरी ओढायचा. टिंग! हंबीरराव ब्रेक लावून आरशात बघायचे. दीक्षा मागं वळून कुणी ओढली ते बघायची, त्याला दोन शब्द सुनवायची आणि डबल बेल द्यायची. टिंग-टिंग. गाडी निघाली. सहा वर्षं हे असं सुखात चाललं.

मग दोन हजार सातचा मार्च आला. गाडी भरलेली, ऊन मी म्हणतंय. इस्पुर्ली मागं पडली आणि दीक्षाच्या छातीत एकदम धडधड सुरू झाली. हाताला मुंग्या, तोंडाला कोरड, डोळ्यांपुढं सगळं लांब लांब जायला लागलं. श्वास घ्यावा तर पुरेना. तिच्या मनात एकच आलं, मी मरतोय. इथंच, या उभ्या माणसांच्या मधी मरतोय. तिनं दोरी ओढली. एक बेल. गाडी थांबायच्या आतच ती दारातून खाली उतरली आणि उसाच्या बांधावर जाऊन बसली.

दवाखान्यात नेलं. ई.सी.जी.ची पट्टी काढली, रक्त तपासलं. काही नाही, सगळं ठणठणीत. आठ दिवसांनी पुन्हा तीच गाडी, पुन्हा तीच जागा, पुन्हा एक बेल. या वेळी ती परत चढलीच नाही. हंबीररावांनी हाका मारल्या, हात जोडले, शेवटी डोक्याला हात लावून बसले. पन्नास माणसं तासभर उन्हात उभी, मागची गाडी येईपर्यंत. तक्रार आगाराच्या साहेबांकडं गेली. साहेब वाईट माणूस नव्हता. त्यानं तिला आगारात टेबलाचं काम दिलं, पण स्पष्ट सांगितलं, "कंडक्टर गाडीवर लागतो, टेबलावर नाही. एक डिसेंबरला गारगोटीच्या गाडीवर चढायचं. नाही जमलं तर बिल्ला जमा करा." बिल्ला जमा म्हणजे खाकी गेली. त्यापेक्षा माझा हात कापून मागितला असता तर बरं, असं दीक्षाला वाटलं.

एव्हाना तर तिला शहरातल्या केएमटीच्या बसमध्येसुद्धा बसवेना. आगारात ती चालत जायची, चालत यायची. शेजारच्या चिमणाबाई सल्ला द्यायला आल्याच. "बाहेरचं काय तरी आसंल गं. एकदा देवऋष्याला दाखवा." शेवंताबाई उसळल्या. "भिंतीवर बाबासाहेबांचा फोटू बघितलाईस न्हवं? आमच्यात डोकं वापरत्यात, लिंबू न्हाय!" चिमणाबाई चहा न पिताच गेल्या. पण त्या गेल्यावर म्हातारी मोरीत जाऊन रडली, हे दीक्षानं ऐकलं आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

शेवटी एका डॉक्टरांनी चिठ्ठीवर आजाराचं नाव लिहून दिलं. पॅनिक डिसऑर्डर. म्हणाले, "हृदयाला काही नाही. हा भीतीचा झटका. गोळ्या देतो, पण खरं तर यावर शिकवण्या असतात. भीतीला तोंड कसं द्यायचं ते शिकवतात. मला वेळ कुठला? बाहेर रांग बघा."

ती चिठ्ठी घेऊन दीक्षा गेली शहजादकडं. उचगावच्या रस्त्यावर शहजादचं नेट कॅफे होतं. वडिलांच्या टेलरिंगच्या दुकानात तीन कॉम्प्युटर मांडलेले, मधे पडदे, आणि कोपऱ्यात शिलाई मशीन अजून तसंच. शहजाद तिशीतला, दोन लेकरांचा बाप. त्यानं ते नाव टाइप केलं आणि शोधता शोधता परदेशातल्या एका विद्यापीठाचं पान सापडलं. ते म्हणे या आजारावर नेटवरूनच उपचार देत होते. बारा आठवडे, फुकट, कुठल्याही देशातल्या माणसाला. अभ्यास चाललेला त्यांचा. फॉर्म भला मोठा होता. शहजादनं खाली खाली ओढत नेला आणि "आय ॲग्री" दाबून मोकळा झाला. न वाचता दाबायची ही खोड आपल्यात सगळ्यांनाच आहे, एकट्या शहजादला काय बोलायचं!

तिसऱ्या दिवशी ई-मेलनं पत्र आलं. "डिअर दीक्षा, वेल डन! तुम्ही पहिलं पाऊल उचललंत." खाली सही, हेलन. दीक्षानं ते चारदा वाचलं. इतक्या महिन्यांत तिला कुणी शाबास म्हटलं नव्हतं. पत्राच्या तळाला बारीक अक्षरात एक ओळ होती, या पत्राला उत्तर पाठवू नये.

"ताई, उत्तर नको म्हणत्यात," शहजाद म्हणाला.

"अरे, लग्नपत्रिकेत न्हाय का छापत्यात, कृपया आहेर आणू नये? म्हणून काय हात हलवत जायाचं असतंय व्हय? मोठ्या माणसास्नी तसं लिवाय लागतं."

हे शहजादलाही पटलं. पटणारच, तो काय कमी लग्नांना गेला होता? मग दीक्षा बसली आणि टायपिंगच्या परीक्षेत बसल्यासारखी ताठ बसून, दहाही बोटांनी, निम्मं इंग्रजी निम्मं मराठी असं लांबलचक उत्तर लिहिलं. "डिअर हेलनबाई, जय भीम." इस्पुर्लीचा बांध, साहेबांची तारीख, म्हातारीचं मोरीतलं रडणं, सगळं सगळं लिहिलं. पत्र परत आलं नाही, म्हणजे पोचलं, असा तिचा हिशोब.

दर सोमवारी नवा धडा उघडायचा. शहजाद डिक्शनरी घेऊन शेजारी बसायचा. धड्यात लिहिलेलं, झटका चढतो, शिगेला पोचतो आणि आपला आपण उतरतो. त्यानं माणूस मरत नाही. पण तुम्ही पळून गेलात, तर तो आपोआप उतरतो हे तुम्हाला कधी कळतच नाही. शरीराची धोक्याची घंटी उगीचच वाजते, असंही एक वाक्य होतं. ते वाचलं आणि दीक्षा ताडकन उठून उभी राहिली.

"शहजाद! ही तर टवाळ पावण्याची बेल हाय!"

"कुठली बेल?"

"कोण तरी मागनं दोरी ओढतंय रे. उतरायचं कुणालाच नसतंय. आणि मी येडी, गाडी थांबवून सोताच उतरलो! कंडक्टरनं काय करायचं असतंय? मागं बघायचं आणि डबल द्यायची!"

हे तिनं त्या दिवशी हेलनबाईंना अडीच पानं भरून कळवलं. पुढच्या सोमवारी उत्तर आलंच, "डिअर दीक्षा, वेल डन!" दीक्षाचा ऊर भरून आला. बाईंना बेलचं पटलं म्हणायचं.

पुढचे धडे म्हणजे निव्वळ तमाशा होता. झटक्यात जे जे होतं ते मुद्दाम करून बघायचं, म्हणजे शरीर बिचकायचं थांबतं. चक्कर यावी म्हणून ती कॅफेतल्या फिरत्या खुर्चीवर गरागरा फिरायची. शहजाद ओरडायचा, "ताई, खुर्ची मोडंल, दुसरी न्हाय!" घरी उसाच्या रसाबरोबर मिळते तसली नळी तोंडात धरून, नाक दाबून मिनिटभर श्वास घ्यायची. शेवंताबाईंनी आधी बघितलं, मग म्हणाल्या, "आण हिकडं, मीबी बघतो." आणि सासू-सुना दोघी नाक दाबून, डोळे वटारून एकमेकींसमोर बसल्या. बुद्धभूषण कामावरून आला, दारात थबकला, आणि एक शब्द न बोलता चहा ठेवायला आत गेला. दोघी इतक्या हसल्या की नळ्या हातातनं पडल्या. त्या घरात सात महिन्यांनी कुणीतरी असं हसलं होतं.

मग पायऱ्या आल्या. भीतीची सगळ्यात लहान पायरी आधी, मोठी शेवटी. दीक्षानं त्याचे टप्पे केले, एस.टी.चे असतात तसे. पहिला टप्पा, आगारात उभ्या असलेल्या रिकाम्या गाडीत बसायचं. दुसरा, कळंब्यापर्यंत प्रवासी म्हणून जायचं. तिसरा, इस्पुर्लीच्या अलीकडं. शेवटचा, गारगोटी. सुट्टीच्या दिवशी बुद्धभूषण बरोबर यायचा आणि मागच्या सीटवर बसायचा. धड्यातच लिहिलेलं होतं, हात धरायचा नाही. भीती आली की ती पुढची दांडी धरून बसायची आणि घड्याळ बघायची. पहिल्यांदा वीस मिनिटं लागली भीती उतरायला. मग बारा. मग सात.

सहाव्या आठवड्यात मात्र घोटाळा झाला. गर्दीच्या बसमध्ये तिला राहवलं नाही, ती मधेच उतरली आणि तिथनं थेट कॅफेत येऊन रडत रडत लिहिलं, "हेलनबाई, मी हरलो. मला माफ करा." सोमवारी उत्तर आलं, "डिअर दीक्षा, वेल डन! आणखी एक आठवडा पूर्ण केलात." दीक्षानं कॉम्प्युटरवरच्या त्या ओळीवर बोट ठेवलं. "बघ शहजाद, केवढं मन! मी पळून आलो तरी वेल डन म्हणती. म्हणजे चढलो हेच तिला मोठं वाटलं." तिनं डोळे पुसले आणि दुसऱ्याच दिवशी त्याच बसमध्ये चढली. दिवाळीत तिनं हेलनबाईंना फराळाची यादीसुद्धा लिहून पाठवली, पोस्टानं चकल्या तेवढ्या जाणार नाहीत म्हणून वाईट वाटलं असंही लिहिलं.

तीस नोव्हेंबरला दुपारी शेवटचं पत्र आलं. ते लांब होतं. शहजाद मोठ्यानं वाचत होता, आणि वाचता वाचता त्याचा आवाज खाली गेला.

"काय झालं? वाच की."

"ताई, हितं लिवलंय... माणसांचे दोन गट केलते. एका गटाला डॉक्टर पत्र लिवत व्हते. दुसऱ्याला नुसते धडे. तुमी दुसऱ्या गटात व्हता."

"मग हेलनबाई?"

"ती पत्रं कॉम्प्युटर आपली आपण पाठवत व्हता. सगळ्यांस्नी एकच. नाव तेवढं बदलून." शहजादनं मान खाली घातली. "फॉर्मातच लिवलं व्हतं म्हणे. मी न वाचताच दाबलं. माफ करा ताई."

दीक्षाच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. बारा आठवडे ती भिंतीशी बोलत होती! बेलचं कुणाला पटलं नव्हतं. रडल्यावर कुणी मोठ्या मनानं वेल डन म्हटलं नव्हतं. चकल्यांचं आठवून तर तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती उठली, घरी आली आणि भिंतीकडं तोंड करून पडली.

"उद्या मी जात न्हाय, आत्ती," ती सासूला म्हणाली. "सरळ बिल्ला देऊन येतो."

शेवंताबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मला एक सांग. कळंब्याला गाडीत ती बाई बसलीती का?"

"न्हाय."

"इस्पुर्लीला?"

"न्हाय."

"नाक दाबून बसलो तवा आपुन दोघीच व्हतो का अजून कोण व्हतं? मग तिची कशाला एवढी काळजी? खाकी काढून ठेवली हाय. उद्या घाल न्हायतर मला दे, मी जातो गारगोटीला."

एक डिसेंबरला सकाळी दीक्षा खाकी घालून आगारात आली. म्हातारीचं बोलणं पटलं म्हणून नव्हे, तर म्हातारी खरंच आली असती म्हणून. हंबीरराव गाडीपाशी उभे होते. आठ-नऊ महिने रोज वेगळा कंडक्टर घेऊन ते कंटाळले होते. "आला का बाई? चढा. आज गाडी तुमची हाय," एवढंच म्हणाले. त्यांच्या मानानं ते कुजबुजणंच होतं.

गाडी ठेचून भरली. कळंबा गेलं. सुटे पैसे दोनदा मोजावे लागले, पण काम चाललं. इस्पुर्ली आली, माणसं चढली-उतरली, गाडी निघाली. आणि तो ओळखीचा उसाचा बांध दिसला.

भीती आली. धडधड, मुंग्या, कोरड, सगळी वरात घेऊन आली. या वेळी सोमवारी लिहायला कुणी नव्हतं. शाबास म्हणणारं कुणी नव्हतं. दीक्षाचा हात आपसूक वर गेला आणि दोरीवर आवळला. टिंग!

हंबीररावांचा पाय ब्रेकवर गेला. गाडी बांधाशीच थांबली. ते आरशात बघत राहिले. मागनं कोण तरी ओरडलं, "काय झालं वो बाई?" दार हातभर अंतरावर होतं. बाहेर वारा होता, ऊस होता, बसायला बांध होता. दीक्षाचे पाय त्या बाजूला वळलेसुद्धा.

आणि तिला राग आला. नुसता राग नाही, सहा वर्षांच्या कंडक्टरीचा अस्सल राग. ही दोरी ओढली कुणी? हिला उतरायचं असंल तर हिनं उतरावं, माझी गाडी का थांबवती?

"कुणी उतरणार हाय का?" ती खच्चून ओरडली. सगळ्या गाडीनं माना वळवल्या. "कोण न्हाय ना? मग उगीच बेल कशाला! आलीयास तर बस गप मागं, शेवटच्या सीटला. गाडी थांबणार न्हाय."

पावण्यांनी एकमेकांकडं बघितलं. कुणाला बोलली ते कुणालाच कळलं नाही. शेवटच्या सीटवरचा एक म्हातारा तर घाबरून अंग चोरून बसला.

दीक्षानं दोरी धरली. टिंग-टिंग.

हंबीररावांनी गाडी अशी काढली, आणि हॉर्न असा दाबला की बांधावरचे बगळे उडाले. भीती गेली नव्हती. छाती धाडधाड करत होती, घाम कानामागून गळ्यात येत होता. पण दीक्षा पुढं सरकत होती, एकेक तिकीट फाडत होती, "बिद्री किती? तिट्टा किती?" विचारत होती. भीती शिगेला पोचली, तिथं थोडा वेळ राहिली, आणि मग, खरंच हो, धड्यात लिहिल्यासारखी, आपली आपण खाली यायला लागली.

बिद्रीला गाडी थांबली तेव्हा पुढच्या सीटवरची एक बाई काळजीनं म्हणाली, "कंडक्टरबाई, किती घाम आलाय तुमास्नी. बरं वाटत न्हाय का?"

दीक्षानं खाकी ओढणीनं तोंड पुसलं आणि हसली. "मघाशी भ्या चढलंतं मावशी गाडीत. आता उतरलं बिद्रीला."

तिनं टिंग-टिंग दिली आणि गाडी गारगोटीला गेली.

दुसऱ्या दिवशी ती कॅफेत गेली. शेवटच्या पत्रात एक प्रश्न होता, आता तुम्हाला मार्गदर्शनासाठी डॉक्टर हवे आहेत का? शहजाद घाईनं माउसकडं हात नेणार, तोच तिनं त्याच्या हातावर चापटी मारली. "आधी वाच सगळं." दोघांनी सगळं वाचलं, शेवटच्या बारीक ओळीपर्यंत. मग दीक्षानं "नो" दाबलं. आणखी एक प्रश्न होता, या काळात तुम्हाला सगळ्यात जास्त मदत कुणाची झाली? त्या चौकोनात तिनं ताठ बसून लिहिलं, दीक्षा माणगावकर, कंडक्टर. खाली बिल्ला नंबरही टाकला.

शहजाद कॉम्प्युटर बंद करायला लागला. ती म्हणाली, "थांब. एक पत्र लिवायचं ऱ्हायलंय."

"ताई, ते कोण वाचत न्हाय! उत्तर पाठवू नये लिवलंय."

"माहीत हाय. पर लग्न झालं, जेवून झालं, तसंच हात हलवत निघायचं व्हय?" आणि तिनं दहाही बोटांनी टाइप केलं, "डिअर हेलनबाई, डबल बेल दिली. वेल डन. आपली, दीक्षा." पत्र पाठवलं, बॅग खांद्याला लावली आणि दुपारच्या गारगोटी गाडीसाठी बसमध्ये बसून आगारात गेली.